उरलेलं अन्न: फुकट वाटावं की स्वस्तात विकावं?

संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार 2022 साली जगात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेलं. असं अन्न कचरा डेपोत दबून कुजलं की मिथेन हा पृथ्वी तापवणारा वायू सुटतो. वाटलं काय, विकलं काय, कुणाच्या तरी पोटात गेलं की तो टळतो. पर्यावरणापुरतं दोन्ही जवळपास सारखंच. फरक पडतो तो माणसांना.

फुकट वाटपात बहुतेकदा रांग लावा, कागद दाखवा, पिशवीत पडेल ते घ्या. घरात कुणी खात नाही ती भाजी शेवटी केराच्या टोपलीतच जाते. मग वाचवलं काय? उरलेलं अन्न स्वस्तात विकणाऱ्या दुकानात गिऱ्हाईक पाव उचलतं, तारीख बघतं, परत ठेवतं, दुसरा घेतं. मला ही निवडच फार मोलाची वाटते. शिवाय गल्ल्यातून फ्रीजचं वीजबिल, टेम्पोचं भाडं थोडंफार सुटतं. दर महिन्याला देणगीदारांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

पण ज्याच्या खिशात दमडी नाही, त्याला सत्तर टक्के सूटही महागच. तिथे फुकट वाटपाला पर्याय नाही. आणि दुकान सगळ्यांना खुलं ठेवलं, तर चांगला माल खाऊनपिऊन सुखी असलेलेच आधी उचलतात. त्यावर उपाय म्हणून सभासद-कार्ड काढलं, की पुन्हा कागद आलेच!