माझं पुस्तक न वाचताच त्यांना ते प्रचंड आवडलं होतं

हे लिहायला चार महिने लागले कारण लाज वाटत होती, अजूनही वाटतेच. पण गेल्या आठवड्यात ज्या बुक क्लबच्या मेलने मला फसवलं, जवळपास तसाच मेल ओळखीच्या एका लेखिकेने मला फॉरवर्ड केला आणि विचारलं, ताई हे खरं असेल का गं, तेव्हा म्हटलं आता लिहूनच टाकूया.

मी रोमान्स लिहिते, टोपणनावाने, आणि स्वतःच पब्लिश करते. एडिटिंग आणि कव्हर तेवढं बाहेरून करून घेते, बाकी फॉरमॅटिंगपासून ब्लर्बपर्यंत, म्हणजे पुस्तकाची छोटी ओळख लिहिण्यापर्यंत, सगळा खटाटोप माझाच. शिवाय माझ्यासारख्याच स्वतः पब्लिश करणाऱ्या नवीन, म्हणजे इंडी, लेखकांची पुस्तकं शोधून वाचायचं वेड आहे, एखादं आवडलं की चार लोकांना सांगते, लेखकाला मेलही करते. फुकट हो, काही मागत नाही. हे मुद्दाम सांगतेय, कारण अनोळखी माणसाचा कौतुकाचा मेल आला तेव्हा मला संशय आलाच नाही, मी स्वतःच असले मेल पाठवत असते ना!

मेल एका बुक क्लबच्या 'क्युरेटर'चा होता. माझ्या कादंबरीतली नायिका घड्याळं दुरुस्त करते पण वडिलांचं बंद पडलेलं घड्याळ मात्र ती कधीच उघडत नाही. मेलमध्ये नेमकं तेच पकडलं होतं, की हे घड्याळ म्हणजे तिने थांबवून ठेवलेलं दुःख आहे वगैरे. तीनदा वाचला मी तो मेल, नवऱ्याला पण वाचून दाखवला, तो म्हणाला छान लिहिलंय, आणि पुन्हा मोबाईलमध्ये डोकं घातलं. दोन वर्षं लिहिलेल्या पुस्तकावर मोजून अकरा रिव्ह्यू, त्यातला एक 'डिलिव्हरी वेळेवर मिळाली' असा, आणि इथे कोणीतरी माझं घड्याळ समजून घेतलंय. हुरळून जायला अजून काय पाहिजे.

पैशाचा विषय तिसऱ्या मेलमध्ये आला. क्लबमध्ये दोन हजारांवर वाचक आहेत, पुढच्या महिन्यासाठी एकच जागा उरलीय, त्यासाठी 'स्पॉट फी' लागते, आणि जे वाचक रिव्ह्यू लिहितील त्यांना छोटीशी 'टिप'. टिप म्हणजे काय हे मला कळायला हवं होतं. पैसे देऊन रिव्ह्यू घेणं कुठल्याही मोठ्या बुकस्टोअरला चालत नाही, अमेरिकेत तर खोट्या रिव्ह्यूंच्या खरेदी-विक्रीवर एफटीसीचा, म्हणजे तिथल्या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियमच 21 ऑक्टोबर 2024 पासून लागू आहे. रिलीजच्या आधी फुकट कॉपी देऊन, म्हणजे एआरसी देऊन, चांगलं-वाईट जे वाटेल ते लिहा म्हणणं वेगळं आणि हे वेगळं, हा फरक मी दुसऱ्यांना समजावलेला आहे. तरी दिले पैसे. दोन महिन्यांची रॉयल्टी गेली त्यात.

आणि दिले कसे बघा. क्युरेटरचं नाव एक, पैसे घ्यायला एका फ्रीलान्सिंग साइटवरचं प्रोफाइल दुसऱ्याच नावाचं, ते म्हणे आमचे असिस्टंट. अशा साइटवर काम झालं असं आपण मान्य करेपर्यंत पैसे मध्ये अडकून राहतात, म्हणून मी निर्धास्त होते. मग मेल आला की अकाउंट्सची अडचण आहे, तेवढं काम पूर्ण झाल्याचं बटण दाबता का, वाचकांनी सुरुवात केलेलीच आहे. मी दाबलं. इतका गोड बोलत होता तो की नाही म्हणणं उद्धटपणाचं वाटलं.

दहा दिवसांनी 'रिझल्ट' आले. एक म्हणजे गुडरीड्स या वाचकांच्या साइटवरच्या कुठल्याशा 'वाचायलाच हव्यात अशा लव्हस्टोरीज' यादीत माझं पुस्तक. मी दिवसभर खुशीत, आणि संध्याकाळी लक्षात आलं की तिथल्या लिस्टोपिया विभागातल्या या याद्या कोणीही बनवू शकतं आणि त्यात कोणीही पुस्तक टाकू शकतं, मी स्वतः दहा वेळा टाकलीत. दुसरं म्हणजे दोन दिवसांत सात रिव्ह्यू, सगळे पाच स्टार, आणि त्यातल्या चारांत 'हृदयाला भिडणारा प्रवास'. रोमान्सचे वाचक असं लिहित नाहीत हो. ते लिहितात की हिरोला दोन कानाखाली द्याव्याशा वाटल्या, स्लो बर्न फारच स्लो झाला, त्या भांडणाच्या चॅप्टरनंतर झोप लागली नाही. सातपैकी एकीलाही माझ्या हिरोचा राग आला नव्हता, आणि तो तर राग यावा असाच लिहिलाय.

मग मी त्यांचे सगळे मेल पुन्हा काढून बसले. घड्याळ, वडील, दुकानातली पहिली भेट. सगळं पहिल्या तीन प्रकरणांतलं! पुस्तकात 32 प्रकरणं आहेत, आणि किंडलवर फुकट वाचायला मिळणारं सॅम्पल साधारण पहिल्या दहा टक्क्यांचं असतं. म्हणजे सॅम्पल आणि ब्लर्ब एआयला द्यायचं आणि हवं तेवढं भावूक कौतुक काढून घ्यायचं, एवढाच तो उद्योग. बहुतेक त्या दिवशी अजून पन्नास जणींना गेला असेल, प्रत्येकीच्या नायिकेचं दुःख बदलून.

खात्री करायला मी एक खोडी काढली. क्युरेटरला लिहिलं की एकोणिसाव्या प्रकरणात तो रेल्वे स्टेशनवर तिचं पत्र वाचतो तो सीन लांबलाय का, क्लबमध्ये काय म्हणाले? माझ्या पुस्तकात रेल्वे स्टेशन नाहीये. पत्रही नाहीये. तासाभरात उत्तर, 'तो स्टेशनचा प्रसंग वाचताना आमच्या तीन मेंबर्स रडल्या, एक शब्दही कमी करू नका.' पुढे लगेच, व्हिडिओ ट्रेलरसाठी स्पेशल पॅकेज आहे.

हसले मी आधी. मग बराच वेळ नुसती बसून राहिले. पैशाचं वाईट वाटलंच, पण जास्त हे लागलं की ते घड्याळ कोणालाच दिसलं नव्हतं.

पैसे परत मिळाले नाहीत, बटण मीच दाबलं होतं. ते सात रिव्ह्यू मी स्वतः रिपोर्ट केले, गेले ते. नंतर 'रायटर बिवेअर' वाचायला घेतलं, 1998 पासून लेखकांना असल्या फसवणुकीबद्दल सावध करणारं काम आहे ते, आणि तिथे 2025 मधले या बोगस बुक क्लबांवरचे लेख सापडले तेव्हा माझीच गोष्ट दुसऱ्याने लिहिल्यासारखं झालं. स्पॉट फी, टिप, भलत्याच नावाचं प्रोफाइल, सगळं. खरा बुक क्लब लेखकाकडून पैसे घेत नाही, त्यांना पुस्तक वाचायचं असतं तर ते विकत घेऊन किंवा लायब्ररीतून आणून वाचतात, लेखकाला बहुतेक वेळा पत्ताही नसतो. बुकबबसारख्या, वाचकांना पुस्तकांच्या ऑफर मेल करणाऱ्या ठिकाणी प्रमोशनचे पैसे पडतात, पण तिथे अर्ज आपण करतो, निवड ते करतात आणि जाते ती जाहिरात, कोणी वाचून रडल्याचं सांगत नाही. त्या ताई म्हणणारीला मी एवढंच सांगितलं, सॅम्पलच्या पुढचा एक प्रश्न विचार, आणि पुस्तकात नसलेलाच विचार.

आता गंमत ऐका. मागच्याच महिन्यात एका नवीन लेखिकेचं पुस्तक वाचलं, पहिलंच तिचं, खोट्या साखरपुड्याचा ट्रोप, म्हणजे रोमान्समधलं नेहमीचं कथासूत्र, पण काय सांभाळलाय! नेहमीसारखा मोठा मेल लिहिला. चार दिवस उत्तर नाही. मग एक ओळ आली, थँक यू नाही काही नाही, 'शेवटी ती अंगठी त्याला परत कुठे देते?'

मी लिहिलं, देत नाही, विकते, आणि त्या पैशांत शिलाई मशीन घेते.

दोन मिनिटांत फोन नंबर आला तिचा.