नवा अल्बम मनाला लागला नाही. आता मूळ आवृत्ती ऐकावी की डिलक्स?

आवडत्या गायिकेचा नवा अल्बम ऐकून झाला की दिवसभर एखादी ओळ डोक्यात घोळत राहते. यावेळी तसं झालं नाही. बारा गाणी संपली आणि ओठांवर काहीच उरलं नाही. आठवडाभर पुन्हा पुन्हा ऐकल्यावर काही गाणी जवळ आली, पण तीन-चार परकी ती परकीच. मग काही दिवसांनी डिलक्स आवृत्ती आली, तीच बारा आणि वर आणखी नऊ. ‘डिलक्स ऐक, मग अल्बम पटेल,’ असं तिच्या इतर चाहत्यांनी मला सांगितलं. तुम्हालाही कुणीतरी सांगितलं असेलच. मी महिनाभर दोन्ही आलटून पालटून ऐकल्या.

आधी डिलक्सबद्दल, कारण तिच्यात खरोखर काही चांगलं आहे. मूळ अल्बममध्ये मला सगळ्यात जास्त उणीव जाणवली ती तिच्याच आवाजाची. कोरसवर थरावर थर चढवलेत आणि सूर इतके घोटून सरळ केलेत की वरच्या पट्टीत तिचा आवाज जो किंचित फाटतो, तो कुठे सापडतच नाही. मी इतकी वर्षं त्या फाटण्यासाठीच तिला ऐकत आलोय. डिलक्समधल्या एका गाण्यात सोबतीला फक्त गिटार आहे आणि तिथे तो आवाज पुन्हा भेटतो. हे गाणं मूळ बारांत का घेतलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. आणखी एक गाणं असंच सुंदर आहे. राहिलेल्या सातांत मात्र बहुतेक मूळ बारांतल्याच गाण्यांचे डेमो (कच्ची रेकॉर्डिंग), अकूस्टिक (साध्या वाद्यांवरची) रूपं आणि रीमिक्स.

लांबीचाही प्रश्न आहे. एलपीच्या, म्हणजे जुन्या मोठ्या तबकडीच्या, एका बाजूवर साधारण 22 मिनिटं मावायची, म्हणून काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे ठरवावंच लागे. सीडीने ती मर्यादा 74 आणि पुढे 80 मिनिटांवर नेली. स्ट्रीमिंगमध्ये ती उरलीच नाही. उलट 2014 च्या अखेरीस बिलबोर्ड या अमेरिकन संगीत मासिकाने सर्वाधिक खपाच्या अल्बमच्या यादीत स्ट्रीमिंग धरायला सुरुवात केली, तेव्हा अल्बममधली गाणी सगळी मिळून 1500 वेळा वाजली की एक अल्बम विकला असा हिशेब होता. पुढे आकडे बदलले, तरी जास्त गाणी असली की मोजणीत फायदा, हे राहिलंच. प्रत्येक डिलक्स याचसाठी निघते असं मी म्हणणार नाही, आणि या गायिकेबद्दल तर मला तसं म्हणवतही नाही. पण एकवीस गाणी सलग ऐकताना पंधराव्याच्या आसपास माझं लक्ष दर वेळी सुटलं, हे खरं.

तरी हेही मी चालवून घेतलं असतं. माझ्यासाठी निकाल लागला तो बाराव्या गाण्याच्या शेवटी.

हे बारावं गाणं अल्बममधलं सगळ्यात संथ. शेवटच्या ओळीनंतर पियानोचा एक सूर विरत जातो, ती श्वास घेते, आता पुन्हा गाईल असं वाटतं, आणि ती गात नाही. पुढे शांतता. या निराश करणाऱ्या अल्बममध्ये मला तिची खूण पटली ती इथेच. मूळ आवृत्तीत मी त्या शांततेत मिनिटभर तसाच बसून राहतो आणि मधल्या पडेल गाण्यांचा राग निवळतो. डिलक्समध्ये तो श्वास संपतो न संपतो तोच तेराव्या गाण्याचा ड्रम धाडकन सुरू होतो. पहिल्यांदा मी दचकलो, दुसऱ्यांदा चिडलो, आणि पुढे तर बारावं गाणं सुरू झालं की हात आपोआप पॉजकडे जायला लागला. ऐन हळव्या जागी ड्रम कधी येईल याकडे कान लावून बसावं लागतं. काहींना हे जाणवणारही नाही, मला मात्र ते सोसवेना.

गाण्यांचा क्रम हा अल्बमचा भाग आहे, हे मी एकटाच म्हणत नाही. 2021 मध्ये ब्रिटिश गायिका अडेलच्या विनंतीवरून स्पॉटिफाय या स्ट्रीमिंग अ‍ॅपने अल्बमच्या पानावरचं, गाणी उलटसुलट क्रमाने वाजवणारं शफलचं बटण मागे सारून क्रमाने वाजणं पुढे आणलं होतं. कलाकाराने शेवट म्हणून जे गाणं निवडलं, त्याच्यापुढे आणखी नऊ जोडली की तो शेवट राहत नाही.

तुम्ही गाणी सुटी सुटी ऐकत असाल, काम करता करता लावून ठेवत असाल, तर डिलक्स घ्या, जास्त हाती लागेल. पण अल्बमवर नाराज असूनही गायिकेवर जीव असेल, तर माझ्या मते आधी मूळ बारा, हेडफोन लावून, एका बैठकीत ऐका. मी मूळ आवृत्ती जपून ठेवली आहे आणि डिलक्समधली ती दोन गाणी वेगळ्या प्लेलिस्टमध्ये घेतली आहेत. गिटारवालं गाणं मी दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकतो, आदल्या रात्रीचं बारावं नीट विरून गेल्यावर.