खरखरीसह ऐकण्याची तबकडी : ‘द हू’ची ‘लाइव्ह अ‍ॅट लीड्स’

‘लाइव्ह अ‍ॅट लीड्स’ ही ‘द हू’ या ब्रिटिश रॉक बँडच्या थेट मैफलीची तबकडी पहिल्यांदा लावली, तेव्हा मधल्या शांत जागी येणारी खरखर ऐकून मी तबकडी थांबवली, मऊ ब्रशने पुसली आणि पुन्हा लावली. खरखर त्याच जागी होती. मग लेबल नीट वाचले. ही खरखर चालेल, ती दुरुस्त करू नये, अशी हाताने लिहिलेली सूचनाच तिथे छापलेली आहे. दोष सुईचा नव्हता, मूळ फितीतला होता, आणि ‘द हू’ने तो झाकण्याऐवजी उघड सांगून टाकला होता.

१४ फेब्रुवारी १९७० रोजी लीड्स विद्यापीठाच्या रिफेक्टरीत, म्हणजे विद्यार्थ्यांच्या भोजनगृहात, ही मैफल झाली आणि त्याच वर्षी मे महिन्यात तबकडी बाजारात आली. आदल्या वर्षीच्या अमेरिका दौऱ्याची ध्वनिमुद्रणे ऐकत बसण्याचा कंटाळा येऊन आपण ती जाळून टाकायला सांगितली, असे बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड याने पुढे सांगितले आहे. लीड्सच्या दुसऱ्या दिवशी हल या शहरातही मुद्रण झाले, पण तिथे सुरुवातीच्या काही गाण्यांत बास गिटार फितीवर उतरलीच नाही. त्यामुळे लीड्सची फीत निवडली गेली.

ऐकताना पहिल्यांदा जाणवते ती वाद्यांची मांडणी. एका बाजूच्या स्पीकरमधून जॉन एंटविसलची बास गिटार, दुसऱ्या बाजूने टाउनशेंडची गिटार आणि त्यांच्या मध्ये कीथ मूनचे ड्रम. वाद्ये एवढीच, तरी कुठेही पोकळी वाटत नाही, कारण एंटविसल केवळ साथ करत नाही, तो गिटारशी बरोबरीने बोलतो. मोझ अ‍ॅलिसनच्या ‘यंग मॅन ब्लूज’मध्ये गायक रॉजर डॅल्ट्री एक ओळ एकट्याने म्हणतो, तिघेही एकदम तुटून पडतात आणि तितक्याच अचानक थांबतात. त्या थांबण्यात सभागृहाचा श्वास ऐकू येतो, आणि तिथेच ती खरखरही असते. १९९५च्या वाढीव सीडीसाठी हे आवाज पुष्कळसे काढून टाकले गेले. ती आवृत्ती स्वच्छ आहे, पण मला तबकडीवरचा हा क्षण अधिक जवळचा वाटतो.

पहिल्या बाजूला चार गाणी आहेत आणि दुसऱ्या बाजूला दोनच. ‘माय जनरेशन’ १९६५ मध्ये तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे होते; इथे ते चौदा मिनिटांहून अधिक चालते आणि वाटेत गाण्यांतून कथा सांगणाऱ्या ‘टॉमी’ या बँडच्या आधीच्या तबकडीतले तुकडे घेऊन येते. त्यामुळे दुसरी बाजू सुमारे बावीस मिनिटांची झाली असून तिचा एक तोटा आहे. आतल्या वर्तुळात सुईखालून खाच सावकाश सरकते, त्यामुळे वरचे स्वर फाटण्याचा धोका वाढतो, आणि नेमकी तिथेच ‘मॅजिक बस’मधली डॅल्ट्रीची हार्मोनिका येते. सुई नीट बसवलेली नसेल तर ती कर्कश लागते.

वेष्टन चोरट्या मुद्रणांच्या धर्तीवर केलेले आहे : साधा तपकिरी पुठ्ठा आणि त्यावर रबरी शिक्क्यासारखे नाव. मूळ प्रतींच्या आत बारा कागद असत. त्यांत वुडस्टॉक संगीत महोत्सवाचा करार, लंडनच्या मार्की क्लबचे भित्तिपत्रक आणि बँडला नकार कळवणारे ईएमआय या ध्वनिमुद्रिका कंपनीचे पत्रही होते. मला एका विक्रेत्याने ‘संपूर्ण’ म्हणून पाठवलेल्या जुन्या प्रतीत यांतले तीनच कागद निघाले, म्हणून जुनी प्रत घेताना पैसे देण्यापूर्वी कागदांचे छायाचित्र अवश्य मागवावे.

त्या रात्रीचा जवळजवळ संपूर्ण कार्यक्रम आता वाढीव आवृत्त्यांत मिळतो, आणि ‘टॉमी’ सलग ऐकायचे असेल तर तोच घ्यावा. पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला मी सहा गाण्यांची एकच तबकडी सुचवेन. विकत घेण्यापूर्वी दुकानात दुसऱ्या बाजूची शेवटची दोन मिनिटे लावून पाहावीत. हार्मोनिका स्वच्छ वाजली, तर प्रत चांगली आहे.