इंग्रजी कळफलकावर कोरियन टंकलेखन: रोमाजा, द्विसंच की त्रिसंच?

हंगुल लिपी वाचता येऊ लागली की कोरियन शिकणाऱ्यासमोर एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो. संगणकाच्या कळांवर इंग्रजी अक्षरे छापलेली आहेत, वेगळा कोरियन कळफलक घेण्याचा विचार नाही, आणि वहीत लिहिलेले वाक्य आता पडद्यावर उमटायला हवे आहे. कळफलक बदलण्याची गरज मुळीच नसते, कारण कोणती कळ दाबल्यावर कोणते अक्षर उमटावे हे संगणकातली इनपुट पद्धती ठरवते आणि कळेवरच्या छपाईशी तिचा काही संबंध नसतो. निवड करायची ती या पद्धतीची. कोरियन शब्दाचा उच्चार रोमन अक्षरांत टंकला की हंगुल देणारी रोमाजा पद्धती, दक्षिण कोरियात प्रमाण मानली गेलेली द्विसंच मांडणी, म्हणजे दुबॉलशिक, आणि थोड्या पण निष्ठावंत वापरकर्त्यांनी जपलेली त्रिसंच मांडणी, म्हणजे सेबॉलशिक, असे तीन मार्ग उपलब्ध आहेत.

लिपीचा स्वभाव लक्षात घेतल्याशिवाय ही तुलना नीट करता येत नाही. सेजोंग राजाने १४४३ मध्ये सिद्ध केलेल्या आणि १४४६ मध्ये जाहीर केलेल्या या लिपीत आज १४ मूळ व्यंजने आणि १० मूळ स्वर आहेत, मात्र ते एकापुढे एक लिहिले जात नाहीत. आरंभीचे व्यंजन, स्वर आणि असल्यास अंत्य व्यंजन यांचा मिळून एक चौकोनी ठोकळा तयार होतो, आणि आजच्या कोरियनमध्ये असे ११,१७२ ठोकळे संभवतात. ठोकळा जोडण्याचे काम संगणक करतो. आपण फक्त घटक अक्षरे क्रमाने द्यायची असतात. एक ठोकळा कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला हे ओळखणे ही खरी अडचण असून तिन्ही पद्धती ती निरनिराळ्या प्रकारे सोडवतात.

मराठी वाचकाला रोमाजाची कल्पना वेगळी समजावून सांगावी लागत नाही, कारण रोमन अक्षरांत 'नमस्कार' टंकून देवनागरी मिळवण्याची सवय आपल्यापैकी अनेकांना आहे. येथेही तसेच होते: नवी मांडणी पाठ करावी लागत नाही आणि पहिल्या दहा मिनिटांतच पडद्यावर हंगुल दिसू लागते. मॅकओएसमध्ये अशा प्रकारच्या पद्धती आधीपासूनच दिलेल्या असतात. एखाद्या कोरियन अभिनेत्याचे नाव शोधायचे असेल, किंवा वर्षातून चार वेळा कोणाला शुभेच्छा पाठवायच्या असतील, तर यापलीकडे जाण्याचे कारण नाही.

रोज लिहू लागल्यावर मात्र तिच्या मर्यादा जाणवतात. कोरियन स्वरांना रोमन लिपीत पुरेशी अक्षरे नाहीत. आपल्या 'ऑ'च्या जवळ जाणाऱ्या एकाच स्वरासाठी 'ई' आणि 'ओ' अशा दोन कळा दाबाव्या लागतात, आणि ओठ गोल न करता उच्चारल्या जाणाऱ्या 'उ'सारख्या स्वरासाठी 'ई' आणि 'यू'. ठोकळ्याच्या हद्दीचा प्रश्न त्याहून चिवट आहे. 'हंगुल' हा शब्द प्रचलित रोमनीकरणात लिहिताना 'एच, ए, एन, जी, ई, यू, एल' अशी सात अक्षरे होतात, परंतु त्यांची फोड 'हान' आणि 'गुल' अशी करायची की 'हांग' आणि 'उल' अशी, हे त्या अक्षरांवरून ठरत नाही. लिपीचे स्वतःचे नाव लिहितानाच ही संदिग्धता आडवी यावी, यातच काय ते आले. शिवाय कोरियनमध्ये लेखन आणि उच्चार सर्वत्र जुळत नाहीत: 'धन्यवाद' या अर्थाचा शब्द कानाला 'कामसाहाम्निदा' असा ऐकू येतो आणि रोमनमध्येही तसाच लिहिला जातो, पण त्यातल्या 'हाम्' या ठोकळ्याच्या तळाशी प्रत्यक्षात 'ब' असतो. कानावर विसंबून टंकणारा येथे हमखास चुकतो, आणि न चुकण्यासाठी शुद्धलेखन शिकावेच लागणार असेल तर रोमन अक्षरांचा वळसा घेण्याचे प्रयोजन उरत नाही. मी स्वतः सुरुवातीचे काही आठवडे रोमाजाच वापरली. परिणाम असा झाला की शब्द आठवताना तो हंगुलमध्ये न दिसता डोळ्यांपुढे आधी रोमन अक्षरांत येऊ लागला, आणि ती सवय मोडायला ती लागण्यापेक्षा जास्त वेळ गेला.

द्विसंच मांडणी १९८२ मध्ये दक्षिण कोरियाचे मानक ठरली. तिच्यात व्यंजनांचा एक आणि स्वरांचा एक असे दोन संच आहेत: डाव्या बाजूच्या १४ कळांवर १४ व्यंजने, आणि उरलेल्या १२ कळांवर दहा मूळ स्वरांसह 'ॲ' व 'ए' या उच्चारांचे दोन स्वर. मराठी इनस्क्रिप्ट वापरणाऱ्याला हे वाचून हसू येईल, कारण तेथे स्वर डावीकडे आणि व्यंजने उजवीकडे असतात. येथे बरोबर उलट आहे. तत्त्व मात्र तेच आहे, त्यामुळे इनस्क्रिप्ट येणाऱ्याला ही मांडणी अनोळखी वाटत नाही.

इंग्रजी भाषेतली मार्गदर्शने ही मांडणी सहसा सरळ पाठ करायला सांगतात, परंतु देवनागरी वाचणाऱ्याने आधी तिच्या रांगा न्याहाळाव्यात. 'क्यू'पासून 'टी'पर्यंतच्या वरच्या पाच कळांवर अनुक्रमे ब, ज, द, ग आणि स यांना जवळची अक्षरे आहेत. 'झेड'पासून 'व्ही'पर्यंतच्या खालच्या चार कळांवर ख, थ, छ, फ आहेत, म्हणजे कोरियनमधले चारही महाप्राण एका रांगेत बसवले आहेत. मधल्या रांगेत 'ए'पासून 'जी'पर्यंत म, न, मग ठोकळ्याच्या आरंभी मूक राहून अंती 'ङ'चा उच्चार देणारे वर्तुळाकार अक्षर, नंतर र किंवा ल, आणि शेवटी ह. ब, ज, द, ग, स या पाचांना कोरियनमध्ये ताणलेली, द्वित्तासारखी रूपे आहेत, आणि ती मिळवण्यासाठी त्याच कळा शिफ्टसह दाबायच्या असतात. अल्पप्राण आणि महाप्राण हा भेद ज्याला शाळेतल्या वर्णमालेपासून ठाऊक आहे त्याला या रचनेतले सूत्र चटकन दिसते. इंग्रजीतून शिकणाऱ्याला मात्र ते अनेकदा कोणी सांगतच नाही.

स्वरांची बाजूही अशीच सुसूत्र आहे. मधल्या रांगेत 'एच'वर ओ, 'जे'वर ऑ, 'के'वर आ आणि 'एल'वर ई आहे; आणि त्यांपैकी पहिल्या तिघांच्या डोक्यावर 'वाय', 'यू' आणि 'आय' या कळांवर क्रमाने यो, यॉ, या आहेत. एकच अपवाद ध्यानात ठेवावा: 'यू' या उच्चाराचा स्वर 'बी'च्या कळेवर आहे, आणि ती कळ टंकलेखनाच्या पारंपरिक शिस्तीनुसार डाव्या हाताची आहे. जोडस्वरांना वेगळ्या कळा नाहीत. ओ आणि आ एकापाठोपाठ दाबले की 'वा' तयार होतो. 'आन्यॉङहासेयो' या नित्याच्या अभिवादनाला येथे १२ कळा लागतात आणि रोमाजात १४. हा फरक किरकोळ आहे, पण येथे ठोकळ्याच्या हद्दीबद्दल शंका राहत नाही, कारण प्रत्येक ठोकळा व्यंजनाने सुरू होतो आणि उच्चार स्वराने होत असेल तेव्हाही ते मूक वर्तुळ टंकावेच लागते.

तरीही या मांडणीत एक गोष्ट नवख्याला गोंधळवते. झाड या अर्थाचा 'नामू' हा शब्द टंकून पाहा. 'एस'ने न येतो, 'के'ने त्याचा 'ना' होतो, 'ए' दाबताच म त्याच ठोकळ्याच्या तळाशी जाऊन बसतो आणि पडद्यावर 'नाम' दिसते. पुढे 'एन' दाबून ऊ दिला की तो म तेथून उठतो, पुढच्या ठोकळ्यात उडी मारतो आणि 'नामू' तयार होते. डोळ्यांदेखत जागा बदलणाऱ्या या अक्षराला कोरियन लोक भुताच्या दिव्याची उपमा देतात. त्यांच्या दोक्केबी नावाच्या भुतावरून या प्रकाराला 'दोक्केबीबुल' म्हणतात. आपल्याकडच्या चकव्याची आठवण व्हावी असे हे नाव आहे. काही चुकलेले नसते, नजर पडद्यावर ठेवून पुढे टंकत राहावे. मधेच थांबून मागे खोडायला जाणारा मात्र अडकतो. खोडण्याची रीतही वेगळी आहे: ठोकळा पूर्ण होत असताना खोडकळ एकेक अक्षर काढते, तर पूर्ण होऊन मागे पडलेला ठोकळा एका दाबात सबंध जातो.

हा चकवा मुळातच नको असेल तर त्रिसंच मांडणी आहे. नेत्रवैद्य कोंग ब्योंग-उ यांनी १९४९ मध्ये बनवलेल्या टंकलेखन यंत्रापासून ही परंपरा सुरू होते. तिच्यात आरंभीची व्यंजने उजव्या बाजूला, स्वर मध्यभागी आणि अंत्य व्यंजने डाव्या बाजूला, असे तीन स्वतंत्र संच असतात. कोणते व्यंजन कोठे बसणार हे कळेवरूनच ठरत असल्याने ठोकळ्याची हद्द आपोआप स्पष्ट होते आणि अक्षरे उड्या मारत नाहीत. द्विसंचात अंत्य व्यंजन आणि पुढच्या ठोकळ्याचे आद्य व्यंजन ही दोन्ही डाव्याच हाताला टंकावी लागतात, तो भारही येथे वाटला जातो. हे फायदे खरे आहेत आणि तिचे समर्थक ते हिरिरीने सांगतात. किंमत अशी की अक्षरे अंकांच्या रांगेपर्यंत चढतात, त्यामुळे अंक आणि काही विरामचिन्हे आपल्या नेहमीच्या जागी राहत नाहीत, आणि दुसऱ्याच्या संगणकावर बसल्यावर बहुधा द्विसंचच समोर येते. विंडोजच्या कोरियन इनपुटमध्ये '३९०' आणि 'अंतिम' या नावांचे त्रिसंचाचे दोन प्रकार मिळतात, तेव्हा ती दुर्मीळ आहे असे नाही. दिवसभर कोरियन टंकणाऱ्या अनुवादकाने तिचा विचार जरूर करावा. भाषा अजून शिकत असलेल्याला मी ती सुचवणार नाही.

माझा कौल द्विसंचाला आहे. महिन्यातून एखाद्या वेळीच कोरियन लिहिणाऱ्याने रोमाजावर भागवावे, पण टोपिक ही कोरियन प्रावीण्य परीक्षा संगणकावर देण्याचा ज्याचा विचार आहे, त्याने रोमाजात एक दिवसही घालवू नये. तेथे लेखनाची उत्तरे टंकूनच द्यावी लागतात.

कळांवर कोरियन अक्षरांचे स्टिकर चिकटवावेत का, हा यानंतरचा प्रश्न. मी चिकटवले होते आणि काढून टाकले. स्टिकर असले की मान खाली राहते, आणि भुताचा दिवा समजण्यासाठी नजर तर पडद्यावर हवी. मांडणीचे चित्र कागदावर काढून पडद्याच्या कडेला लावलेले बरे; हाताने काढल्यास रांगांचे सूत्र तेवढ्यातच निम्मे पाठ होते.

कोरियन कळफलकावर स्पेसबारच्या शेजारी हंगुल आणि इंग्रजी यांत अदलाबदल करणारी खास कळ असते. इंग्रजी कळफलकावर ती नाही, म्हणून विंडोजमध्ये तिचे काम उजवी ऑल्ट कळ करते. भाषेच्या सेटिंगमध्ये कोरियन जोडल्यावर ही कळ दाबली की पट्टीवरचे इंग्रजी 'ए' जाऊन तेथे 'गा' हा ठोकळा दिसतो. काही लहान लॅपटॉपवर उजवी ऑल्ट कळ नसते. तेथे शिफ्ट आणि स्पेसबार ही जोडी निवडता येते. मॅकवर हेच काम कॅप्सलॉकला देता येते. ही अदलाबदल विसरून 'आन्यॉङ' टंकले तर पडद्यावर 'डी, के, एस, एस, यू, डी' अशी निरर्थक रोमन ओळ उमटते. पहिल्या आठवड्यात ती वारंवार दिसेल. कळा बरोबर दाबल्या गेल्या आहेत, फक्त ऑल्ट राहिले आहे, एवढाच तिचा अर्थ.