गोकुळपेठ बाजारातील नारळाचे दुकान

विदर्भाच्या स्वयंपाकात ओल्या नारळापेक्षा सुक्या खोबऱ्याचाच मान मोठा असल्याने नागपुरात चांगला नारळ घ्यायचा तर थोडी पारख लागते. गोकुळपेठ बाजारातील एका लहानशा दुकानातून आम्ही दोन वर्षे नारळ घेत आहोत. दुकानदार प्रत्येक नारळ कानाशी हलवून पाणी वाजते का ते ऐकतो, डोळ्यांपाशी ओल किंवा बुरशी दिसल्यास तो बाजूला ठेवतो आणि सांगितल्यास शेंडी काढून फोडूनही देतो. तरीही मेच्या उन्हात घेतलेल्या चारांपैकी एक नारळ खवट निघाला आणि तो बदलून देताना त्याने बरीच कुरकुर केली, हे नोंदवणे भाग आहे.

खवलेला चव आम्ही लगेच फ्रीजरमध्ये ठेवतो. बाहेर राहिला तर इथल्या उन्हाळ्यात तो संध्याकाळपर्यंत आंबतो. चव कोमट पाण्यात वाटून पिळल्यास दाट दूध निघते, आणि चोथ्याची हिरवी मिरची घालून केलेली चटणी तर (आमच्या घरी) दुधाच्या आमटीआधी संपते. मात्र १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात सुमारे ३५० किलोकॅलरी असतात आणि त्यातील स्निग्धांश बहुतांशी संपृक्त असतो, म्हणून चौघांच्या भाजीला आम्ही मूठभरच चव घालतो.