बंद पडलेल्या फ्लॅशचे धडे टॅबवर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझी मावशी सातारा जिल्ह्यातील एका शाळेत जीवशास्त्र शिकवत असे. निवृत्त होताना तिने वर्गात दाखवायचे सगळे धडे एका पेन ड्राइव्हमध्ये भरून घरी आणले आणि तो ड्राइव्ह कपाटात पडून राहिला. गेल्या वर्षी नातवाला हृदयाचे कप्पे दाखवावेत म्हणून तिने तो टॅबला जोडला, तेव्हा त्यातली एकही फाइल उघडली नाही. काम माझ्याकडे आले. ड्राइव्हमध्ये एसडब्ल्यूएफ प्रकारचे (फ्लॅशमध्ये केलेले, बटणे असलेले) 38 धडे, एफएलव्ही प्रकारचे (फ्लॅशच्या काळातले) 96 व्हिडिओ आणि ते दाखवणारी जतन केलेली वेबपाने होती. हे सगळे फ्लॅश प्लगइनवर, म्हणजे ब्राउझरमध्ये असे धडे व व्हिडिओ चालवणाऱ्या अडोबीच्या जोड-प्रोग्रामवर अवलंबून होते, आणि अडोबीने 31 डिसेंबर 2020 रोजी फ्लॅशचा आधार संपवला आहे.

पहिला प्रयोग मी स्वतःच्या जुन्या टॅबवर केला. हा सात इंची टॅब 2012 साली घेतलेला असून त्यावर अँड्रॉइड 4.0 आहे, आणि फ्लॅश प्लेअर 11.1 त्यावर तेव्हापासूनच बसवलेला होता. अडोबीने 15 ऑगस्ट 2012 पासून नव्या ग्राहकांसाठी तो प्ले स्टोअरवरून काढून घेतला, त्यामुळे माझ्याकडे तो राहिला हा निव्वळ योगायोग. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये प्लगइन ‘मागणीनुसार’ ठेवले की व्हिडिओच्या जागी बाणाचे चिन्ह दिसते आणि त्यावर बोट ठेवल्यावर व्हिडिओ सुरू होतो. 12 जानेवारी 2021 पासून नव्या आवृत्त्यांनी फ्लॅशची सामग्री दाखवणेच बंद केले. माझी आवृत्ती त्या कुलुपाच्या आधीची असल्यामुळे ती आजही चालते.

चालते, पण तिच्या भरवशावर राहता येत नाही. अँड्रॉइडसाठीच्या या प्लेअरला 2013 नंतर सुरक्षेची एकही दुरुस्ती मिळालेली नाही, म्हणून मी त्या टॅबचे वायफाय कायमचे बंद केले. तसेही त्यावर इंटरनेट चालू ठेवून फारसा लाभ नव्हता, कारण त्या काळचा ब्राउझर टीएलएस 1.2 (सुरक्षित जोडणीची पद्धत) ओळखत नाही आणि आजची बहुतेक संकेतस्थळे त्याला दारातूनच परत पाठवतात. शिवाय बॅटरी एका तासात मान टाकते. मावशीच्या हाती ही वस्तू देणे मला योग्य वाटले नाही.

मावशीचा टॅब अँड्रॉइड 14 चा आहे. त्यावर तोच प्लेअर बसवण्याचा खटाटोप मी दोन संध्याकाळी केला आणि तो मूर्खपणा होता, हे इथे नोंदवून ठेवतो. एका अनोळखी संकेतस्थळावरून उतरवलेली फाइल प्लेअर नव्हतीच; तिने टॅबवर जाहिरातींचा पूर लोटला आणि शेवटी टॅब मूळ स्थितीत आणावा लागला. जुन्या टॅबवरून काढलेली अस्सल फाइल नेली, तर अँड्रॉइड 14 ने ती बसवूच दिली नाही, कारण अँड्रॉइड 6 च्या आधीच्या पातळीसाठी बनवलेली ॲप ही प्रणाली नाकारते. समजा ती बसली असती, तरी उपयोग शून्य होता. अँड्रॉइडवरच्या क्रोमने फ्लॅशला कधीच थारा दिला नव्हता, आणि फायरफॉक्सनेही 2017 मध्ये तो काढून टाकला. प्लगइन मिळाला तरी त्याला बोलावणारा ब्राउझर आता उरलेला नाही.

त्यानंतर मी रफलकडे वळलो. रफल हा रस्ट भाषेत लिहिलेला फ्लॅशचा अनुकारक, म्हणजे फ्लॅशची नक्कल करणारा प्रोग्राम असून तो वेबअसेंब्लीच्या (ब्राउझरला थेट चालवता येणाऱ्या कोडच्या) रूपात ब्राउझरच्या आतच चालतो. इंटरनेट आर्काइव्हनेही 2020 च्या नोव्हेंबरपासून जुन्या फ्लॅश फाइली दाखवण्यासाठी तोच वापरला आहे. फायरफॉक्समध्ये त्याचे एक्स्टेन्शन बसवले की वेबपानावरचा एसडब्ल्यूएफ धडा आपोआप सुरू होतो. अडचण पेन ड्राइव्हमधल्या फाइलींची होती. रफलच्या संकेतस्थळावर आपली फाइल निवडून चालवता येते, परंतु तिथे एकच फाइल देता येते, आणि मावशीचे बरेच धडे शेजारच्या फोल्डरमधून प्रश्नांची यादी व व्हिडिओ मागवणारे होते. ती मागणी पुरी झाली नाही की पडदा करडा राहतो आणि चूक कुठे आहे ते कळत नाही.

यावर जो उपाय सापडला तोच मी आठ महिने वापरतो आहे. टॅबवर टर्मक्स (अँड्रॉइडवर लिनक्ससारख्या आज्ञा चालवणारे ॲप) बसवले, त्यात पायथन ही प्रोग्रामिंग भाषा घेतली आणि धड्यांच्या फोल्डरमधून पायथनचा छोटा वेब सर्व्हर सुरू केला. मग फायरफॉक्समध्ये लोकलहोस्ट (म्हणजे हाच टॅब) आणि 8000 हा पोर्ट क्रमांक टाकला की धड्याला आपण एखाद्या संकेतस्थळावरच आहोत असे वाटते आणि शेजारच्या फाइली त्याला सापडतात. मावशीने ही एवढी ओळ वहीत लिहून घेतली असून ती स्वतः सर्व्हर सुरू करते. एसडब्ल्यूएफच्या 38 धड्यांपैकी 26 असे बिनतक्रार चालतात. बटणे मात्र माउससाठी आखलेली असल्यामुळे बोटाला लहान पडतात, आणि माउस नुसता वरून फिरवल्यावर जिथे नाव दिसायला हवे तिथे बोट टेकवावे लागते. पडद्यावर बोट दाबून धरल्यास रफलची यादी उघडते; तिच्यातून पूर्ण पडदा निवडला की हा त्रास पुष्कळ कमी होतो.

सात धड्यांत वेगळेच दुखणे निघाले. ते युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये केलेले आहेत, म्हणजे त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले आहेत. जो मजकूर धड्यातच आकार म्हणून बंदिस्त झाला तो व्यवस्थित दिसतो. जो चालू असताना भरला जातो त्याला तो फॉन्ट यंत्रावर लागतो. त्यामुळे हृदयाच्या चित्रावरचे शीर्षक सुबक मराठीत येते आणि ‘डावे निलय’ असे लिहिलेले असायला हवे तिथे इंग्रजी अक्षरे, कंस व स्वल्पविराम यांची भेळ दिसते. जुन्या टॅबवरही हेच झाले, तेव्हा दोष रफलचा नव्हे. अखेर माझ्या विंडोज लॅपटॉपवर तो फॉन्ट बसवून अडोबीच्या स्वतंत्र प्रोजेक्टरमध्ये (ब्राउझरशिवाय फ्लॅश चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) हे सात धडे चालवले आणि पडद्याचे चित्रीकरण करून ठेवले. नातवाला बटणे दाबता येत नाहीत, पण नावे वाचता येतात.

उरलेल्या 5 धड्यांपैकी 3 रफलमध्ये अर्ध्यावर अडकतात. ते ॲक्शनस्क्रिप्ट 3 या फ्लॅशच्या नंतरच्या भाषेत लिहिलेले आहेत आणि तिथे रफलचे काम अजून चालू आहे. पूर्वी असाच अडकणारा आणखी एक धडा मधल्या एका अद्ययावतीनंतर चालू झालाही, म्हणून मी दर महिन्याला हे पुन्हा उघडून पाहतो. दोन धडे दूरच्या सर्व्हरवरून आरटीएमपीने (फ्लॅशच्या व्हिडिओ-प्रवाहाच्या पद्धतीने) व्हिडिओ मागवणारे आहेत. तो सर्व्हर बंद पडला असल्यामुळे त्यांत आता पोकळ चौकट तेवढी शिल्लक आहे.

व्हिडिओंच्या बाबतीत मात्र मी उगाचच महिनाभर प्लगइनच्या मागे धावलो. वेबपानाची फाइल साध्या मजकूर संपादकात उघडली आणि ‘फ्लॅशव्हार्स’ (पान फ्लॅशला जी माहिती देते तिचे नाव) हा शब्द शोधला, तर त्याच्यापुढे व्हिडिओच्या फाइलीचे नाव सरळ लिहिलेले होते. पानावरचा फ्लॅश प्लेअर म्हणजे नुसती बटणांची चौकट होती. आतला व्हिडिओ वेगळा होता आणि तो व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये थेट चालला. 96 च्या 96 चालले. पुढे-मागे सरकवताना काही फाइली भलतीकडेच उडी मारतात, कारण त्यांत कोणते चित्र कुठे आहे याची सूची नाही. म्हणून एफएफएमपेग या व्हिडिओ-रूपांतराच्या प्रोग्रामने सगळ्यांचे एमपी4 मध्ये रूपांतर केले. ज्या 38 फाइलींत एच.264 हा एमपी4 मध्येही चालणारा व्हिडिओचा प्रकार होता त्यांचे फक्त वेष्टन बदलले आणि काम काही सेकंदांत झाले. उरलेल्या 58 मध्ये सोरेन्सन किंवा व्हीपी6 हे जुने प्रकार असल्यामुळे त्या नव्याने एन्कोड कराव्या लागल्या. टॅब तापला आणि ते काम दोन रात्री चालले. चित्र 320 बाय 240 एवढेच आहे, ते मोठे करण्याचा मोह मी टाळला. मूळ फाइली पेन ड्राइव्हवर तशाच ठेवल्या आहेत.

सध्या मावशी व्हिडिओ व्हीएलसीत पाहते, धड्यांसाठी सर्व्हर सुरू करते, आणि टर्मक्स पार्श्वभूमीत बंद पडले की मला फोन करते. बॅटरी बचतीतून टर्मक्सला वगळल्यापासून तो फोन आठवड्यातून एकदाच येतो.