ओढ्यातले धातू तपासायचे: कुजकी पानं घ्यावीत की तळाचा गाळ?

शिसं, तांबं, जस्त मोजायचं, पण नमुना कशाचा घ्यायचा, इथेच एका विद्यार्थिनीचं घोडं अडलं होतं. नुसतं पाणी नको, हे तिला पटलेलं. ते आज एक सांगतं, उद्या दुसरं.

काळाचं बघू. पान पाण्यात पडलं की काही दिवसांत बुळबुळीत होतं: जिवाणू, बुरशी आणि वर लोह-मँगनीजच्या ऑक्साइडचा तांबूस-काळा लेप. धातू या थराला चिकटतात, शिवाय कुजणाऱ्या पानातल्या कार्बॉक्सिल गटांनाही (धातू धरून ठेवणारे आम्लधर्मी रासायनिक गट). त्यामुळे पान गेल्या काही आठवड्यांचं सांगतं. गाळ वर्षानुवर्षांचं सांगतो, पण पुराने थर उपसले नसतील तरच.

मेहनतीत पानं सोपी. एकाच झाडाची वाळकी पानं जाळीच्या पिशवीत भरा, दगडाला बांधा, तारीख लिहून ठेवा. नंतर मात्र खसाखसा धुऊ नका. मोजायचं तेच वाहून जाईल! गाळ ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून काढावा लागतो, कारण धातू बारीक कणांवर जास्त बसतात.

नव्या सांडपाण्याचा माग काढायचा, किंवा पानं कुरतडणाऱ्या अळ्यांच्या पोटात काय जातं ते पाहायचं, तर पानं. बंद पडलेल्या खाणीचा जुना हिशेब हवा असेल, तर गाळच.